माकडताप : ओळख पटली १९५७ ला, लस अजून वाटेत

होळीच्या मागं-पुढं खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगाची माणसं कामासाठी गोव्यात उतरतात. कणकुंबीवरून चोर्ला घाट, घाट संपला की केरी, आणि पुढं सत्तरीतल्या काजूच्या बागा. खाली पडलेला बोंडू उचलायचा, पिळून बी वेगळी करायची, दिवसभर वाकून पालापाचोळ्यात हात. २०१६ च्या हंगामात असे काही मजूर तापानं पडले आणि तपासणीत निघाला माकडताप, म्हणजे कन्नडमध्ये मंगन कायिले. बेळगाव जिल्ह्यात सापडलेल्या या रुग्णांचा माग काढत गेल्यावर तो सत्तरीतल्या काजूबागांपाशी पोहोचला. तिथं माकडंही मरत होती. त्याच वर्षाच्या सुरुवातीला पलीकडं सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात हाच ताप आला होता, आणि त्याच्या आधल्या वर्षी सत्तरीतल्याच पाली गावात.

आपल्या भागाला तो नवा होता. विषाणू मात्र नवा नव्हता, पुण्यातल्या प्रयोगशाळेच्या दप्तरी त्याची नोंद १९५७ पासून आहे. मग साठ वर्षांत त्याच्यावर खात्रीची लस का नाही, आणि गावाजवळ होणारी चाचणी इतक्या उशिरा का आली, असा प्रश्न पडतो. कोविडनं आपल्याला एक चुकीची सवय लावली आहे. जानेवारीत विषाणू कळला, महिन्याभरात चाचणी आली, वर्षाच्या आत लस आली, म्हणजे हे असंच होत असतं असं वाटायला लागलं. खरं तर तो अपवाद होता. विषाणू ओळखणं, त्याची चाचणी बनवणं आणि त्याच्यावर लस काढणं ही तीन निराळी कामं आहेत, आणि तिन्हींचा वेग सारखा नसतो. माकडतापाच्या हकिगतीत ते स्वच्छ दिसतं, म्हणून तीच सांगतो.

क्यासनूरच्या जंगलात

१९५७ च्या मार्चमध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यात, क्यासनूर नावाच्या जंगलात माकडं मरून पडत असल्याची खबर पुण्याला पोहोचली. आसपासच्या गावांत माणसंही तापानं आजारी होती, आणि तो ताप विषमज्वरासारखाच काहीतरी असावा असं धरलं गेलं होतं. पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर १९५२ मध्ये सुरू झालं होतं, आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, आणि अमेरिकेतल्या रॉकफेलर फाउंडेशनच्या भागीदारीत. आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही, ती हीच.

माकडं आणि माणसं एकाच वेळी मरतात हे ऐकून तिथल्या मंडळींच्या पोटात गोळा आला असणार. या वर्णनात बसणारा जगातला नामांकित आजार एकच होता, पीतज्वर. तो आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत असतो, भारतात कधी आलेला नाही, पण तो पसरवणारा डास मात्र आपल्याकडं गावोगाव आहे. एकदा शिरला असता तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही. केंद्रातले टेलफोर्ड वर्क, हॅरोल्ड ट्रॅपिडो आणि त्यांचे भारतीय सहकारी घाईघाईनं जंगलात पोहोचले ते याच धास्तीनं.

पहिलं काम नमुन्यांचं. आजारी माणसाचं रक्त, मेलेल्या माकडाच्या अवयवांचे तुकडे. यात वेळेला फार किंमत असते. ताप चढल्यापासून पहिले काही दिवस विषाणू रक्तात भरपूर असतो. पुढं शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, तयार करतं, तशी विषाणूची संख्या उतरत जाते. उशिरा घेतलेल्या रक्तात तो सापडेलच असं नाही. शिवाय नमुना सतत गार ठेवावा लागतो. आजही आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात संशयित रुग्णाचं रक्त घेतात तेव्हा नळी फिरवून वरचं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, वेगळं काढतात, बर्फाच्या पेटीत २ ते ८ अंशांवर ठेवतात, आणि सोबतच्या कागदावर दोन तारखा लिहितात: ताप कधी आला आणि रक्त कधी घेतलं. पहिली तारीख चुकली किंवा अंदाजे टाकली, तर पुढं प्रयोगशाळेत कितीही भारी यंत्र असलं तरी निकालाचा अर्थ लावता येत नाही.

विषाणू साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही आणि जिवाणूसारखा बशीतल्या खाद्यावर वाढतही नाही. त्याला जिवंत पेशी लागते. १९५७ मध्ये त्यासाठी नुकती जन्मलेली उंदराची पिल्लं वापरत. रुग्णाचं सीरम पिल्लाच्या मेंदूत टोचायचं. काही दिवसांत पिल्लू आजारी पडलं की त्याचा मेंदू वाटून, गाळून, पुढच्या पिल्लांना टोचायचा. तीही तशीच आजारी पडली तर समजायचं की एकातून दुसऱ्यात जाणारं, वाढणारं काहीतरी हाताशी आलं आहे. माणसांच्या रक्तातून आणि माकडांच्या अवयवांतून अशा रीतीनं एकच विषाणू निघाला.

पण 'काहीतरी आहे' आणि 'हे अमुक आहे' यांत अंतर आहे. त्या काळी विषाणूची जनुकं वाचता येत नव्हती. मग ओळख पटवायची प्रतिपिंडांकडून. आपल्याकडं जत्रेत एखादं अनोळखी पोर दिसलं की म्हातारी माणसं विचारतात, "कुणाच्यातला रे तू?" आणि त्यानं तोंड उघडायच्या आधीच नाकाडोळ्यांवरून घराणं सांगून मोकळी होतात. प्रयोगशाळेत हेच काम ठेवणीतली सीरम करतात. पीतज्वराची प्रतिपिंडं असलेलं सीरम, डेंग्यूचं, जपानी मेंदूज्वराचं, असे एकेक सीरम नव्या विषाणूसमोर ठेवायचे आणि कोणतं त्याला ओळखतं ते बघायचं.

निकाल कुणाच्याच अपेक्षेतला नव्हता. पीतज्वर नव्हता. सगळ्यात जवळचं नातं निघालं ते रशियातल्या एका मेंदूज्वराच्या विषाणूशी, जो गोचिडीमुळं पसरतो. शिमोग्याच्या जंगलात सैबेरियाचा भाऊबंद!

ओळख पटल्याचा फायदा इथं बघा. सगळे जण डास शोधत होते. घराणं कळल्यावर शोध गोचिडीकडं वळला. पांढरं कापड जंगलाच्या जमिनीवरून ओढत नेलं की त्याला गोचिडी चिकटतात, त्या गोळा करून तपासल्या आणि विषाणू सापडला. मुख्य जात हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा. तिचं मधल्या वयाचं पिल्लू एक-दोन मिलिमीटरचं असतं आणि माणसाला चावतं ते बहुधा हेच. पावसाळा संपून रान वाळायला लागलं की या पिल्लांची संख्या वाढते, म्हणून माकडतापाचा हंगाम नोव्हेंबर-डिसेंबरपासून मेपर्यंत. काजूचा हंगाम, सरपणाचा हंगाम, पालापाचोळा गोळा करायचा हंगाम, सगळे नेमके याच महिन्यांत येतात. मोठी झालेली गोचीड गुरांवर पोसते. गुरांना हा ताप होत नाही, पण रानात चरून येणारी गुरं गोचिडीची पैदास वाढवतात. वानर आणि लाल तोंडाची माकडं मात्र या विषाणूनं मरतात, आणि माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरून तिथल्याच पाचोळ्यात पसरतात. म्हणून मेलेल्या माकडाभोवतीची जागा सगळ्यात धोक्याची. माकडांवर राग काढणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की ती आपल्या आधी मरतात आणि त्यातूनच आपल्याला सूचना मिळते.

जाता जाता एक गंमत. सैबेरियाचा नातलग इथं आला कसा, तर पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडींतून आला असेल, अशी शंका तेव्हा घेतली गेली. त्या शंकेपोटी जागतिक आरोग्य संघटनेचा पैसा मिळाला आणि पक्षितज्ज्ञ सालिम अली यांच्या पुढाकारानं बीएनएचएसनं, म्हणजे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनं, पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून त्यांच्या स्थलांतराचा मोठा अभ्यास सुरू केला. पक्ष्यांवरचा आरोप काही सिद्ध झाला नाही. माकडतापाचा सगळ्यात जवळचा भाऊ पुढं १९९० च्या दशकात सौदी अरेबियात निघाला, अल्खुर्मा नावाचा.

विषाणू हाती लागला तरी आजाराचं कारण तोच, हे वेगळं सिद्ध करावं लागतं. त्यासाठी एकाच रुग्णाचं रक्त दोनदा घेतात, तापात एकदा आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. दुसऱ्या रक्तात त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं चौपट किंवा जास्त वाढलेली असली तर लागण आत्ताची. पहिल्यापासून तेवढीच असली तर ती कधीकाळची जुनी असू शकते.

आता हे सगळं जनुकं वाचून होतं. कोविडच्या वेळी वुहानमधल्या रुग्णांच्या फुफ्फुसातल्या द्रवातून सुमारे ३० हजार अक्षरांचा विषाणूचा मजकूर वाचला गेला आणि जानेवारी २०२० च्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास तो जगासाठी खुला झाला. माकडतापाचा मजकूर त्याच्या मानानं आटोपशीर, ११ हजारांच्या आसपास. उंदरांची पिल्लं गेली, यंत्रं आली. पण जनुकं वाचणारं यंत्र फक्त काय आहे ते सांगतं. आजार त्यानंच झाला का, हे नाही. एखाद्या वटवाघळाच्या विष्ठेत कितीतरी अनोळखी विषाणू सापडतील, त्यांतला एकही माणसाला आजारी पाडणारा नसेल. 'अमुक ठिकाणी नवा विषाणू सापडला' अशी बातमी मोबाइलवर आली की मी पहिल्यांदा हेच बघतो: माणूस आजारी आहे का, आणि त्याच्या रक्तात त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं वाढली का. बऱ्याच वेळा बातमीत या दोन्हींचा पत्ता नसतो.

चाचणीला अर्धं शतक

विषाणू १९५७ ला ओळखला गेला, पण रुग्णाच्या रक्तावरून झटपट निदान करणाऱ्या आधुनिक चाचण्या, म्हणजे आरटी-पीसीआर आणि आयजीएम एलायझा, एनआयव्हीनं तयार केल्या त्या २०१२ च्या सुमारास. मधल्या काळात उंदरांवर आणि पेशींवर विषाणू वाढवून निदान होत असे. रुग्ण बरा होऊन कामाला लागे किंवा दगावे, मग अहवाल येई. उशिराचं एक कारण हा विषाणू हाताळायलाच धोक्याचा आहे. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना त्याची लागण झाल्याच्या घटना घडलेल्या आहेत. पुण्यात पाषाणला सर्वोच्च सुरक्षेची, बीएसएल-४ दर्जाची प्रयोगशाळा २०१२ च्या अखेरीला उभी राहिली. दुसरं कारण उघड आहे. रुग्ण रानाकडेचे, संख्येनं थोडे, आणि त्यांच्यासाठी चाचणी विकणारं कुणी नाही.

पीसीआर काय करते ते कोविडमध्ये सगळ्यांनी ऐकलं, पण आत काय चालतं ते थोडं सांगतो. माकडतापाचा विषाणू आरएनएचा असतो, त्याचं आधी डीएनएमध्ये रूपांतर करतात. मग विषाणूच्या मजकुरातला एक छोटा तुकडा निवडायचा. हा तुकडा असा हवा की तो या विषाणूतच असेल, डेंग्यूत किंवा दुसऱ्या कशात नसेल, आणि विषाणू थोडाफार बदलला तरी हा भाग बदलणार नाही. चाचणीतली खरी अक्कल या निवडीत आहे. त्या तुकड्याच्या दोन टोकांना चिकटतील असे धागे, म्हणजे प्रायमर, बनवून नमुन्यात टाकतात. नमुना तापवला, गार केला, की तुकडा दुप्पट. पुन्हा तापवला, पुन्हा दुप्पट. ३० फेऱ्यांत एकाचे १०७ कोटी होतात. यंत्राला ते चमकताना दिसतात. नमुन्यात तो तुकडा नसेलच तर प्रायमर चिकटणार कशाला, आणि वाढणार काय? किती फेऱ्यांनी चमक दिसली त्या आकड्याला सीटी म्हणतात. आकडा जितका लहान तितका विषाणू जास्त.

आयजीएम चाचणी विषाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीरानं तयार केलेली ताजी प्रतिपिंडं शोधते. ती दिसायला तापाचे चार-पाच दिवस उलटावे लागतात. म्हणून पहिल्या आठवड्यात पीसीआर, पुढं आयजीएम, आणि मधल्या दिवसांत दोन्ही. दुसऱ्या दिवशी आयजीएम केली आणि निगेटिव्ह आली म्हणून माकडताप नाही असं म्हणता येत नाही. हा घोळ आपल्याकडं डेंग्यूच्या बाबतीतही दर पावसाळ्यात होतो.

डेंग्यूचं नाव निघालंच आहे तर दुसरी अडचण. माकडताप, डेंग्यू आणि जपानी मेंदूज्वर एकाच मोठ्या कुळातले. प्रतिपिंडं कधीकधी भावकीतल्या दुसऱ्यालाही ओळख दाखवतात. ज्याला पूर्वी डेंग्यू होऊन गेला, त्याची माकडतापाची आयजीएम उगाच अर्धवट पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि उलटही. नवी चाचणी बनवणाऱ्याला त्यामुळं दोन ढीग लागतात. खात्रीनं माकडताप असलेल्यांचे नमुने, आणि खात्रीनं नसलेल्यांचे, पण डेंग्यू, लेप्टो, स्क्रब टायफस, विषमज्वर असे डोकं फिरवणारे ताप असलेल्यांचे. पहिला ढीग मिळवणंच अवघड, कारण रुग्ण कमी.

चाचणी चांगली असली तरी ती कुणावर करतो याला महत्त्व आहे. हे गणित एकदा करून बघण्यासारखं आहे, आकडे मी समजायला सोपे म्हणून घेतले आहेत. समजा एका चाचणीत दहा रुग्णांपैकी नऊ पकडले जातात आणि निरोगी शंभरांपैकी पाच चुकून पॉझिटिव्ह येतात. ऐकायला ठीक वाटतं. आता तालुक्यात ताप आलेल्या सरसकट हजार जणांवर ती केली, आणि त्यांत खरा माकडताप दहांनाच आहे. दहापैकी नऊ सापडतील. उरलेल्या ९९० मधले साधारण पन्नास चुकून पॉझिटिव्ह येतील. हातात पॉझिटिव्हचे एकोणसाठ कागद, आणि खरे रुग्ण नऊ. तीच चाचणी रानात जाऊन आलेल्या, अंगदुखीनं पडलेल्या शंभर जणांवर केली, आणि त्यांत चाळीस जणांना खरा आजार आहे, तर छत्तीस सापडतील आणि चुकीचे तीनच. चाचणी तीच. म्हणून डॉक्टर आधी विचारतात की रानात गेला होता का, गोचीड चावली का, गावात माकड मेलं का. ते प्रश्न टाळून थेट 'सगळ्या टेस्ट करा' म्हणणाऱ्यांची मला काळजी वाटते.

चाचणी किती लांब होते यावरही बरंच अवलंबून. कोविडमध्ये बेळगावला नेहरूनगरातल्या आयसीएमआरच्या संस्थेत २०२० च्या एप्रिलमध्ये तपासणी सुरू झाली, तोवर नमुने बाहेरगावी जात आणि निकालाकडं सगळा जिल्हा डोळे लावून बसे. माकडतापासाठी कर्नाटकात शिमोग्याच्या प्रयोगशाळेवर मोठा भार असतो. क्षयाच्या तपासणीसाठी गोव्यातल्या मोलबायो कंपनीनं ट्रूनॅट हे छोटं यंत्र काढलं होतं. एनआयव्हीसोबत त्याच यंत्रावर चालणारी माकडतापाची चाचणी तयार झाली आहे. ती बॅटरीवर चालते आणि तासाभरात निकाल देते. तालुक्याच्या ठिकाणी होईल अशी ही पहिली चाचणी, आणि माझ्या मते गेल्या काही वर्षांतली या आजारातली सगळ्यात कामाची गोष्ट.

लस

टिळकवाडीचं व्हॅक्सिन डेपो मैदान बेळगावात कुणाला माहीत नाही? सकाळी फिरायला जाणाऱ्यांना, महामेळाव्याला जाणाऱ्यांना, सगळ्यांना. त्या आवारात एके काळी देवीची लस तयार होत असे. ती लस वासरांच्या कातडीवर वाढवली जाई. देवीच्या विषाणूचा एक सौम्य नातलग टोचायचा, शरीर त्याच्याशी लढायला शिकतं, आणि तेच शिक्षण खऱ्या देवीच्या वेळी उपयोगी पडतं. नात्यातल्या सौम्य विषाणूवर भागलं, आणि जगातून देवी गेली.

माकडतापातही पहिला डाव हाच टाकून बघितला. रशियातल्या त्या भावाविरुद्ध लस आधीच तयार होती, मारलेल्या विषाणूची. ती इथल्या लोकांना दिली गेली. फायदा झाला नाही. नातं जवळचं असलं तरी पुरेसं जवळचं नव्हतं.

मग माकडतापाच्याच विषाणूची लस करणं भाग पडलं. कोंबडीच्या गर्भाच्या पेशींत विषाणू वाढवायचा, फॉर्मेलिननं मारायचा, आणि मेलेला विषाणू टोचायचा. १९९० ते ९२ मध्ये कर्नाटकात मोठ्या प्रमाणावर तपासल्यावर एका डोसानं ७९ टक्के आणि दोन डोसांनी ९३ टक्क्यांच्या आसपास संरक्षण दिसलं.

इथं टक्के म्हणजे काय ते बघू, कारण यात भल्याभल्यांचा गोंधळ होतो. '९३ टक्के' म्हणजे शंभर लस घेतलेल्यांतले सात आजारी पडतात असं नाही. लस न घेतलेल्या तेवढ्याच लोकांत जर शंभर आजारी पडले असते, तर लस घेतलेल्यांत सातच पडले. कोविडच्या फायझर लसीचं उदाहरण सगळ्यात स्वच्छ आहे. चाळीस हजारांहून जास्त लोकांचे दोन गट, अर्ध्यांना लस, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी, कुणाला काय मिळालं ते कुणालाच ठाऊक नाही. एकूण १७० जणांना कोविड झाला, त्यांतले १६२ पाण्याच्या गटातले आणि ८ लसीच्या. त्यावरून ९५ टक्के हा आकडा आला.

माकडतापाच्या लसीचं पुढं काय झालं? २००५ ते २०१० मधल्या वापराचा हिशेब मांडला तेव्हा दोन डोसांचं संरक्षण ६२ टक्क्यांवर उतरलेलं निघालं, बूस्टर घेतलेल्यांत ८३ च्या आसपास. मारलेल्या विषाणूची लस शरीराला फार दिवस आठवत नाही, म्हणून महिन्याच्या अंतरानं दोन डोस, सहा-नऊ महिन्यांनी बूस्टर, आणि त्यानंतर पाच वर्षं दरसाल एक, असं वेळापत्रक होतं. इंजेक्शन दुखायचं. रोजंदारी बुडवून दर वर्षी दुखरं इंजेक्शन घ्यायला माणूस येईल ही अपेक्षाच मुळात कागदावरची. लोक पहिला डोस घेत आणि पुढचे सोडून देत. नंतर लसीच्या ताकदीबद्दलच शंका वाढल्या आणि २०२२ मध्ये कर्नाटकानं तिचा वापर थांबवला. आज आपल्या हातात माकडतापाची लस नाही. नव्या, दोन डोसांच्या लसीवर आयसीएमआर आणि हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स यांचं काम चालू आहे.

हे काम कोविडसारखं वर्षात का आटपत नाही? कोविडला २००२-०३ च्या सार्सपासूनचं तयार संशोधन मिळालं, अमाप पैसा मिळाला, आणि चाचण्यांचे टप्पे एकापाठोपाठ न करता एकात एक घालून केले गेले. पण आणखी एक गोष्ट होती जी बोलायला बरी वाटत नाही: रुग्ण अमाप होते. लस चालते का हे कळायला लोक आजारी पडावे लागतात. पहिल्या टप्प्यात थोड्या निरोगी माणसांवर लस सुरक्षित आहे का बघतात, दुसऱ्यात काही शेकड्यांवर डोस ठरवतात, तिसऱ्यात हजारोंवर खरी परीक्षा. माकडतापात हा तिसरा टप्पाच अडतो. समजा रानाकडेच्या गावांतून दहा हजार लोक घेतले, अर्ध्यांना लस दिली, आणि हंगामात हजारी एक या हिशेबानं आजार आला. लस न घेतलेल्या पाच हजारांत पाच रुग्ण, आणि लस चांगली असेल तर घेतलेल्यांत एक. पाच विरुद्ध एक हा फरक नशिबानंही पडू शकतो, त्यावर लसीला पास करता येत नाही. शिवाय विषाणू एका जागी थांबत नाही. २०१२ मध्ये तो बंडीपूरला निघाला, मग केरळ, तमिळनाडू, गोवा, दोडामार्ग. २०१९ च्या हंगामात सागर तालुक्यातल्या अरळगोडू भागात, २०२४ मध्ये उत्तर कन्नडातल्या सिद्धापुरात. आज ज्या गावात लस दिली तिथं पुढच्या वर्षी एकही रुग्ण नसेल. अशा आजारांत मग रक्तातली विषाणूला निकामी करणारी प्रतिपिंडं किती वाढली यावरून आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून अंदाज बांधावा लागतो, आणि तो अंदाज कितपत धरायचा यावर तज्ज्ञांत बराच काथ्याकूट होतो.

तोवर

या तापावर खास औषध नाही. साधारण शंभरातले तीन ते पाच दगावतात, बाकीचे वेळेवर सलाइन आणि देखरेख मिळाली की बरे होतात. काहींना आठवड्या-दोन आठवड्यांच्या अंतरानं ताप उलटतो आणि तेव्हा डोकेदुखी, थरथर, भ्रम अशी लक्षणं दिसतात. म्हणून ताप उतरला की लगेच बागेत परतू नये. माणसापासून माणसाला हा होत नाही. रुग्णाला वेगळं ताट, वेगळी खोली असले प्रकार करायचं कारण नाही.

रानात किंवा काजूत जाताना अंगभर कपडे घालावेत, पँट मोज्यात खोचावी, आरोग्य खातं देतं ते गोचीड दूर ठेवणारं डेपा तेल हातापायांना लावावं. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून अंघोळ करावी आणि काखा, गुडघ्यामागची बाजू, कमरेची दोरी, केसांची कड नीट बघावी. गोचीड चिकटलेली असेल तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढून काढायची. रॉकेल लावणं, विडीचा चटका देणं हे उपाय करू नका. मेलेल्या माकडाला हात लावू नये, जवळही जाऊ नये, वन खात्याला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावं म्हणजे ते तिथं औषध फवारतात आणि शव तपासणीला पाठवतात.

ताप आलाच तर ॲस्पिरिन किंवा ब्रुफेनसारख्या गोळ्या मनानं घेऊ नयेत, रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि आपल्या भागापुरतं एक: कणकुंबीकडचा माणूस बागेतच आजारी पडला तर बांबोळीला, म्हणजे गोव्याच्या मोठ्या सरकारी इस्पितळात जातो, घरी येऊन पडला तर खानापूर नाहीतर बेळगाव, आणि दोडामार्गात कामाला असला तर सावंतवाडी. तीन राज्यांचे तीन दवाखाने, एकाचा कागद दुसऱ्याकडं आपोआप जात नाही. पहिल्या दवाखान्याचा केसपेपर सोबत न्यावा, आणि कुठल्या बागेत होतो व ताप कुठल्या तारखेला चढला हे डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगावं.